इन्चार्जची माया ड्युटी लिस्टमध्ये दिसते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन महिन्यांपूर्वी तुम्ही मेडिसिन वॉर्डच्या इन्चार्ज झालात. हाताखाली १८ सिस्टर आणि ब्रदर. वॉर्ड मायेने चालवायचा असं तुम्ही मनाशी ठरवलं होतं, पण आधीच्या इन्चार्जनी जाताना कानमंत्र दिला की गोड राहिलीस तर डोक्यावर बसतील. आता तसंच होतंय असं तुम्हाला वाटू लागलंय. दोघी जणी सारख्या सिक लिव्ह टाकतात. एक सीनिअर कुणालाच जुमानत नाही आणि नव्या मुलींना रडवते. एका नव्या मुलीकडून औषधाची चूक झाली, तुम्ही तिला सांभाळून घेतलंत, म्हणून बाकीच्या कुजबुजतात. तेव्हा माया सोडून कडक व्हावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी २६ वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली १५ इन्चार्ज म्हणून. पहिली तीन वर्षं मी हेच कोडं सोडवत होते आणि दोन्ही बाजूंनी चुकले. आधी सगळ्यांची लाडकी व्हायला गेले, ते जमेना म्हणून एकदम हेडमास्तरीण झाले. दोन्ही वेळा माझं लक्ष एकाच गोष्टीवर होतं: मी बोलते कशी. आवाज मऊ की कडक. माणसं मात्र आपल्या आवाजाकडे थोडाच वेळ बघतात. मग ती ड्युटी लिस्ट बघतात, चूक झाली की आपण काय करतो ते बघतात, आणि डॉक्टर ओरडले की आपण कुठे उभ्या राहतो ते बघतात. तुमची माया आहे की नाही, हे तिथे ठरतं. म्हणून सुरुवात ड्युटी लिस्टपासून करते. कंटाळवाणी वाटेल, पण माझ्या मते अर्धं काम तिथेच आहे.

मागच्या तीन महिन्यांच्या लिस्ट काढा आणि लाल पेन घेऊन बसा. ईव्हिनिंगनंतर लगेच दुसऱ्या दिवशी मॉर्निंग कुणाकुणाला लागली, तिथे खूण करा. ईव्हिनिंग कागदावर रात्री ९ला संपते. ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या ड्युटीला पेशंटची माहिती सोपवून, राहिलेलं लिहून, बाहेर पडायला पावणेदहा होतात. घरी पोचून जेवून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेअकरा-बारा. सकाळी ५ला परत उठायचं. म्हणजे जेमतेम पाच तास झोप, आणि त्यानंतर ३० पेशंटच्या औषधांची ट्रॉली. युरोपात दोन ड्युट्यांच्या मध्ये सलग ११ तास विश्रांती द्यावी असा कायदाच आहे. तो आकडा उगाच आलेला नाही. तुमच्याकडे तसा नियम असो वा नसो, लिस्ट करणारा हात तुमचा आहे.

मग नाईट मोजा. कुणाला किती, हे नावासमोर लिहा. बहुतेक वॉर्डांत एक गंमत दिसते, मला माझ्याच वॉर्डात दिसली होती: ज्यांची लहान मुलं आहेत त्यांच्यावर दया म्हणून त्यांच्या नाईट कमी केलेल्या असतात आणि त्या सगळ्या जाऊन पडलेल्या असतात लग्न न झालेल्या दोन-तीन मुलींवर. त्या बोलत नाहीत. त्यांना सांगायला ‘कारण’ नसतं ना. वर्षभराने एक जण नोकरी सोडते, दुसरी सिक लिव्ह टाकायला लागते, आणि आपण म्हणतो हल्लीच्या पोरींना कष्ट नकोत. एकीवर केलेली दया दुसरीच्या पगारातून वळती झालेली असते, हे इन्चार्जच्या लक्षातच येत नाही, कारण जिच्यावर दया केली ती आभार मानते आणि जिच्याकडून वसूल केली ती गप्प असते.

मी शेवटी काय केलं? रिक्वेस्टचं एक रजिस्टर ट्रॉलीच्या खणात ठेवलं. ज्याला जी सुट्टी हवी ती त्यात लिहायची, कारण लिहायचं नाही. महिन्याला प्रत्येकाच्या दोन रिक्वेस्ट, मुलं असोत वा नसोत. कुणाची मोडावी लागली तर लिस्ट लागण्याच्या आधी मी स्वतः जाऊन सांगणार, भिंतीवर वाचून कळता कामा नये. सलग चारपेक्षा जास्त नाईट नाहीत. गरोदर सिस्टर, आजारपणातून उठलेली सिस्टर, यांना सवलत जरूर, पण ती सगळ्यांना सांगून आणि मुदत ठरवून. पहिले दोन महिने भांडणं झाली. ज्यांच्या नाईट वाढल्या त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. तुमच्याशीही बोलणार नाहीत थोडे दिवस. ते सोसा.

डबल ड्युटीबद्दल एक सांगते. माणूस कमी पडलं की सगळ्यात आधी आपण त्या मुलीला फोन करतो जी कधी नाही म्हणत नाही. २००४ मध्ये अमेरिकेत अॅन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्सेसना रोज डायरी लिहायला लावली होती: किती तास काम केलं, कुठे चुकलं, कुठे चुकता चुकता राहिलं. ड्युटी साडेबारा तासांच्या पुढे गेली की चुकीची शक्यता साधारण तिपटीने वाढलेली दिसली. म्हणजे जी सगळ्यात गुणी, तिलाच आपण चुकीच्या तोंडी देतो. आता मी माझ्या वहीत डबल ड्युटी केलेल्यांची नावं लिहून ठेवते. ज्याचं नाव महिन्यात एकदा आलं त्याला पुन्हा फोन करायचा नाही. त्याने स्वतः हो म्हटलं तरी.

आणि माणसंच कमी असतील तर? तर हा सगळा हिशेब घेऊन मेट्रनकडे, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांकडे जायचं. वॉर्डातली माया वरच्या केबिनमध्ये भांडावी लागते, हे मला फार उशिरा कळलं. लिंडा एकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास छापला. सर्जरीच्या पेशंटमध्ये, एका नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली होती. नर्स खचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. केबिनमध्ये ‘मुली फार दमतात हो’ असं म्हटलं की चहा मिळतो, माणूस मिळत नाही. या आकड्यांशेजारी आपल्या वॉर्डाचे आकडे ठेवायचे: या महिन्यात इतक्या रात्री ३० पेशंटना दोनच नर्स होत्या, त्या रात्रींत इतके पेशंट पडले, इतक्या अँटिबायोटिक तासभर उशिरा गेल्या. लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. दर वेळी माणूस मिळेलच असं नाही, मलाही सातपैकी दोनदा मिळालं. पण आपली इन्चार्ज आपल्यासाठी वर जाऊन आली ही बातमी वॉर्डात दुपारपर्यंत पोचते.

इथे एक मोठं उदाहरण आठवतं. इंग्लंडमधल्या मिड स्टॅफर्डशायरच्या हॉस्पिटलात २००५ ते २००९ या काळात पेशंटचे जे हाल झाले त्याची चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांनी केली, २०१३च्या फेब्रुवारीत अहवाल आला, २९० शिफारशी होत्या. तहानेलेल्यांना पाणी नाही, घाणीत तासन्‌तास पडलेली म्हातारी माणसं. वाचताना पहिल्यांदा वाटतं, कसल्या दगडाच्या नर्सेस या. पुढे वाचलं की कळतं, खर्च वाचवायला माणसं कापली होती, वरच्यांची नजर पैशांवर आणि आकड्यांवर होती, आणि ज्यांनी तक्रार केली त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. दोन माणसांत पाच जणांचं काम करणारी नर्स काही महिन्यांत बघायचंच बंद करते. बघितलं तर करावं लागेल, आणि करायला हात नाहीत.

आता चुकीकडे येते. तुमच्या नव्या मुलीचं काय झालं ते तुम्ही सविस्तर लिहिलेलं नाही, म्हणून माझं सांगते.

इन्चार्ज होऊन दीड वर्ष झालं होतं. नाईटला असलेल्या एका मुलीने इन्सुलिनचे ४ युनिटऐवजी ४० दिले. चार्टवर इंग्रजी चारच्या पुढे घाईत ‘यू’ काढलेला होता, तो शून्यासारखा दिसत होता. वीस मिनिटांनी तिला स्वतःलाच शंका आली. तिने डॉक्टरांना उठवलं, साखरेची सलाईन (डेक्स्ट्रोज) सुरू झाली, रात्रभर तिने दर तासाला शुगर तपासली. पेशंट सकाळी ठणठणीत. मी सकाळी ड्युटीवर आले, आणि राउंडमध्ये, डॉक्टर, इतर स्टाफ, वॉर्डबॉय, सगळ्यांसमोर तिला म्हणाले, “साधं वाचता येत नाही तुला?”

त्यानंतर आठ महिने माझ्या वॉर्डातून एकही इन्सिडंट रिपोर्ट, म्हणजे चुकीची लेखी नोंद, गेला नाही. मला वाटलं, बघा, धाक बसला. मीटिंगमध्ये मी ते मिरवलंही. मग एका दुपारी स्टॉक मोजताना अँटिबायोटिकच्या दोन व्हायल जास्त निघाल्या. चार्टवर सगळे डोस दिल्याच्या सह्या होत्या. कुणाची ड्युटी होती ते शोधलं, बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, “सांगून काय झालं असतं सिस्टर? तिचं तुम्ही काय केलंत ते बघितलं की आम्ही.” एवढंच. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे कधीतरी एमी एडमंडसन यांचं संशोधन वाचनात आलं आणि त्या दुपारचा अर्थ लागला. हार्वर्डमध्ये शिकत असताना त्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या, १९९६ मध्ये तो छापला. चांगल्या टीममध्ये चुका कमी होत असतील असं धरून त्या निघाल्या. हाती आलं उलटंच: जिथे नर्स मॅनेजर चांगली, वातावरण मोकळं, तिथे चुकांची नोंद जास्त. मग उलगडा झाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या. जिथे इन्चार्जची भीती, तिथे कागद स्वच्छ. माझा आठ महिन्यांचा स्वच्छ कागद त्यातलाच.

म्हणून, तुम्ही त्या मुलीला सांभाळून घेतलंत हे बरोबरच केलंत. पण बाकीच्या का कुजबुजतात तेही समजून घ्या. त्यांना वाटतंय की ती तुमच्या मर्जीतली म्हणून सुटली. उद्या आपली चूक झाली तर आपल्याला हेच मिळेल का, हे त्यांना माहीत नाही. चुकीला कसं घ्यायचं याचा नियम तुम्ही चूक होण्याआधी सगळ्यांना सांगितला नव्हता, एवढाच तुमचा दोष.

नियमासाठी मी डेव्हिड मार्क्स यांची विभागणी वापरते. हे मूळचे इंजिनिअर, नंतर वकील. त्यांनी २००१च्या सुमारास हॉस्पिटलांसाठी हे मांडलं. हातून नकळत निसटलं असेल, जसं त्या ‘यू’चं झालं, तर माणसाला धीर द्यायचा आणि निसटायला लावणारी जागा दुरुस्त करायची. धोका अंगवळणी पडला असेल, म्हणजे घाईत पेशंटचं नाव न विचारता औषध देणं वगैरे, तर बसवून समजवायचं आणि ती सवय का लागली तेही शोधायचं. आणि समोर धोका दिसत असताना मुद्दाम दुर्लक्ष केलं असेल, किंवा खोटी सही केली असेल, तर शिक्षा. सगळ्यात महत्त्वाचं, पेशंटला काही झालं की नाही यावरून हे ठरवायचं नाही. नाहीतर ज्याचं नशीब चांगलं तो सुटतो आणि तीच चूक करणारा दुसरा अडकतो.

मग व्हायल लपवणारीला मी शिक्षा केली का? केली, मेमो दिला. खोट्या सहीला दुसरा इलाज नाही. पण तो देताना सांगितलं की तिला खोटं बोलायला लावण्यात माझा हात होता. पुढच्या ओव्हरला सगळ्यांसमोर इन्सुलिनवाल्या मुलीची माफी मागितली, कारण अपमान सगळ्यांसमोर केला होता. माझ्या पोटात गोळा आला होता, ते खोटं सांगत नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांशी बोलून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचं ठरलं, आणि इन्सुलिन भरल्यावर दुसऱ्या नर्सने बघितल्याशिवाय द्यायचं नाही हेही. महिन्याभरात चार रिपोर्ट आले. मेट्रननी विचारलं, तुझ्या वॉर्डला झालंय काय?

चूक झालेल्या नर्सकडे दुसऱ्या दिवशीही बघावं लागतं, हे राहूनच जातं. अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० मध्ये अशा माणसासाठी ‘दुसरा बळी’ असा शब्द वापरला. पहिला अर्थात पेशंट. हा शब्द काहींना खटकतो, पेशंटच्या घरच्यांना तर खटकणारच, आणि ते मला पटतं. पण त्यामागची गोष्ट खरी आहे. ती मुलगी झोपत नाही, प्रत्येक सिरिंज तीनदा बघते, आणि तरी तिला वाटतं सगळे आपल्याकडेच बघतायत. पेशंटला आणि घरच्यांना खरं काय झालं ते सांगायला जाल तेव्हा ती तयार असेल तर तिला सोबत घ्या, नसेल तर जबरदस्ती नको. तिला आठवडाभर औषधांपासून दूर ठेवू नका. दया म्हणून केलेलं ते तिला शिक्षेसारखंच लागतं.

आता सारखी डोळ्यासमोर असते ती गोष्ट: विचारपूस. मायकेल वेस्ट म्हणून एक अभ्यासक आहेत, त्यांनी मायेच्या नेतृत्वाचे चार भाग सांगितलेत. लक्ष देणं, समजून घेणं, त्याच्या जागी जाऊन बघणं, आणि मदत करणं. वाचायला सोपं. आपली गाडी सहसा तिसऱ्यावर थांबते. “अगं बाई, किती त्रास होतोय तुला,” असं म्हणतो आणि निघून जातो. मदत म्हणजे कधीकधी नुसतं हातातलं काम घेणं. ११ वाजता दोन ॲडमिशन एकदम आल्या, मुलगी भांबावली आहे, तर केबिनमधून उठून एका पेशंटची सलाईन आपण लावायची. इन्चार्जचा हात अजून चालतो हे दिसलं पाहिजे, अधूनमधून. रोज मात्र नको. रोज केलंत तर लिस्ट, स्टॉक, मेट्रन हे कोण बघणार? मी एक वर्ष नुसती सगळ्यांच्या मदतीला धावत होते आणि त्या वर्षी ऑक्सिजनचे दोन फ्लोमीटर बिघडलेले कुणाच्या लक्षात आले नाहीत. ते लक्षात येणं हे माझं काम होतं.

“बरी आहेस ना?” याला उत्तर एकच: “हो सिस्टर.” त्यापेक्षा नेमकं विचारा. “काल ७ नंबरच्या बाबांच्या मुलाने तुझ्याशी वाद घातला ना, नंतर काय झालं?” हे विचारायला आधी तुम्हाला ते माहीत असावं लागतं, म्हणजे ओव्हरला उभं राहावं लागतं. केबिनमध्ये बोलावलं की माणूस आधी घाबरतो. काय चुकलं माझं? खरं बोलणं ट्रॉली लावताना होतं, चादरी मोजताना होतं, दोघींचे हात कामात आणि नजर दुसरीकडे असताना. आणि ऐकलेलं तिथेच ठेवायचं. एकदा जरी ते चहाच्या वेळी तिसऱ्याच्या तोंडून बाहेर आलं, तर पुढची पाच वर्षं तुम्हाला हवापाण्याच्या गप्पाच ऐकायला मिळतील.

तुमच्या त्या सीनिअरबद्दल. इथे मला कडक बोलायचंय. नव्या मुलींना रडवणाऱ्या सीनिअरला ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणून सोडून देणं ही तिच्यावर माया नाही आणि मुलींवर तर अन्याय आहेच. आधी बघा ती अशी का झाली. लंडनच्या एका हॉस्पिटलात १९५०च्या दशकाच्या अखेरीस इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषकांनी नर्सेसचा अभ्यास केला होता. पेशंटला नावाने न ओळखता ‘१० नंबरचं लिव्हर’ म्हणणं, कामाचे बारीक बारीक तुकडे करून वाटणं, साध्या गोष्टींवरही शिस्तीचा बडगा, हे सगळं दुःखाच्या आणि मृत्यूच्या जवळ सतत राहण्याच्या भीतीपासून वाचायला उभं केलेलं कवच आहे, असं त्यांना दिसलं. माझ्या वॉर्डातली जी सगळ्यात तोंडाळ सीनिअर होती, ती अशीच कवचात गेलेली होती. वीस वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

म्हणून मी तिला विचारलं, आणि त्याच बैठकीत हद्दही सांगितली. दोन्ही एकत्र. “तुमच्यासारखी शीर दुसऱ्या कुणाला सापडत नाही. या मुलींनी ते तुमच्याकडून शिकावं असं मला वाटतं. पण परवा ४ नंबरच्या बेडजवळ तुम्ही तिला ‘बिनडोक’ म्हणालात. ते पुन्हा चालणार नाही. पुन्हा झालं तर मी लेखी देईन.” तारीख, जागा, शब्द. ‘तुम्ही जरा प्रेमाने वागा’ असं मोघम बोलायचं नाही, त्यावर माणूस फक्त चिडतो. ती चिडलीच. तीन आठवड्यांनी पुन्हा तसंच झालं, मी लेखी दिलं. त्यानंतर बदल झाला, अर्धवट. ती आजही तोंडाळ आहे, पण शिव्या आता सिरिंजला देते, मुलींना नाही. अशा वेळी मी पूर्ण विजयाची वाट बघत नाही.

डॉक्टर स्टाफवर ओरडले तर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. मधे जाऊन उभं राहायचं आणि शांतपणे म्हणायचं, “डॉक्टर, हे आपण केबिनमध्ये बोलू, मी येते.” चूक आपल्या मुलीची असली तरी. चुकीबद्दल नंतर तिच्याशी आपण बोलायचं. नातेवाईक अंगावर आले तर आधी सिक्युरिटी, मग समजावणं. मारहाणीच्या बाबतीत सहनशीलतेचं कौतुक कुणी करू नये आणि तुम्ही करायला लावू नये.

मृत्यूचं मात्र थोडं सविस्तर. मेडिसिन वॉर्डात एखादा पेशंट दोन-दोन महिने असतो, सगळ्यांना नावाने ओळखायला लागतो, आणि एका पहाटे जातो. पाऊण तास सीपीआर, मग बॉडी आवरायची, कागद भरायचे, घरच्यांना सांगायचं, आणि ६ वाजता बाकीच्या २९ जणांचे व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप). त्या नर्सला आपण काय देतो? बहुतेकदा नवा पेशंट, त्याच बेडवर. मी एक पद्धत पाडलीय. बेड रिकामा झाला की जे हजर होते त्यांनी दहा मिनिटं मागच्या खोलीत बसायचं, तोवर ट्रॉली मी किंवा दुसरी सीनिअर सांभाळते. बोलायचं तर बोला, नाही तर चहा प्या. काय चुकलं याची चर्चा त्या दहा मिनिटांत बंद, ती दुसऱ्या दिवशी. अमेरिकेत केनेथ श्वार्ट्झ नावाचे एक वकील होते, १९९५ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. आजारपणात आपल्याला सांभाळणाऱ्या माणसांच्या मायेने त्यांना इतका आधार दिला होता की त्यांच्या नावाने एक केंद्र सुरू झालं, आणि आता कितीतरी हॉस्पिटलांत डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय सगळे एकत्र बसून कामाचा मनावर होणारा ताण बोलून दाखवतात, त्याला श्वार्ट्झ राउंड म्हणतात. तेवढं आपल्याकडे नाही जमलं तरी दहा मिनिटं जमतात.

एक त्रास याहून वेगळा असतो, तोही ओळखा. काय योग्य ते कळतंय पण करता येत नाही, याचा. बऱ्या न होणाऱ्या पेशंटला रोज टोचत राहावं लागतं, घरचे थांबू देत नाहीत, डॉक्टर बोलायला तयार नाहीत. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सिंगच्या संदर्भात याला नाव दिलं, नैतिक कुचंबणा म्हणता येईल. अशा मुलीला सुट्टी आणि ‘रिलॅक्स हो’ याचा उपयोग होत नाही. डॉक्टर, घरचे आणि ती, यांची बैठक तुम्ही घडवून आणलीत तर होतो.

आणि तुम्ही स्वतः. दोन महिन्यांतच तुम्ही रात्री २ वाजता वॉर्डाला फोन करून विचारता असं लिहिलंय. बंद करा. त्यांना तो पहारा वाटतो आणि तुमची झोप जाते. नाईटच्या सीनिअरला सांगा की या-या तीन गोष्टी झाल्या तरच मला उठवायचं, आणि मग तिच्यावर सोडून द्या. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी एक फरक दाखवला आहे, मला तो फार कामाचा वाटतो. दुसऱ्याचं दुःख आपल्याच अंगावर ओढून घेण्याचा सराव केलेल्या लोकांना उदास वाटू लागलं. त्याच लोकांना मग समोरच्याचं भलं व्हावं, त्याला मदत करावी या भावनेचा सराव दिला, तेव्हा मन पुन्हा वर आलं. त्यांच्या प्रयोगाला वॉर्डाचा वास नाही, पण मला त्यात माझी पहिली तीन वर्षं दिसली. प्रत्येकीबरोबर रडायला गेले होते मी.

शेवटी त्या सिक लिव्ह टाकणाऱ्या दोघी. त्यांना बोलावण्याआधी लाल पेनने खुणा केलेली ती लिस्ट घ्या आणि त्यांच्या सुट्ट्यांच्या तारखा त्यावर मांडा. ईव्हिनिंग-मॉर्निंगच्या जोडीनंतर सुट्टी पडत असेल तर दुखणं लिस्टमध्ये आहे. विशिष्ट सीनिअरबरोबर ड्युटी असली की पडत असेल तर दुखणं कुठे आहे ते तुम्हाला आता माहीत आहेच. दर पगारानंतर किंवा दर रविवारी पडत असेल तर दोघींना वेगवेगळं बोलावून तारखांचा कागद समोर ठेवा, घरी काही आहे का ते विचारा, आणि ‘नाही’ म्हणाल्या तर त्यांच्या जागी कोणकोणत्या मुलींनी डबल ड्युटी केली त्यांची नावं वाचून दाखवा. माझ्याकडच्या एकीने त्या नावांपर्यंत आल्यावर कागद उलटा करून ठेवला होता. दुसरीने मात्र सांगितलं की सासूला डायलिसिसला न्यायला घरात तिच्याशिवाय कुणी नाही, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. सहा महिने ती हे पोटदुखी म्हणून लिहीत होती. तिचे ते दोन वार आम्ही ईव्हिनिंगला लावले.